तोबा, साकडं आणि देवाचं धावणं

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत येतं ते राखेमुळे. कुकडीच्या काठावर, नदीने आणून टाकलेल्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तो जगापुढे आणला. सह्याद्रीच्या माणसाला ज्वालामुखीचं काय अप्रूप, असं कुणी म्हणेल. आपण उभे आहोत तो सगळा काळा कातळ लाव्हाचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्या मानाने कालपरवाची, आणि तिच्या वयावरून विद्वानांत चांगलीच जुंपली. परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या, त्यामुळे राखेचं वय ठरलं की हत्यारांचंही ठरणार होतं. एका मोजणीत चौदा लाख वर्षं आली, दुसरीत ६ लाख ७० हजारांच्या आसपास. तिसऱ्या पक्षाने राखेची रासायनिक घडण तपासली आणि सांगितलं, ही इथली नव्हेच. तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटातून, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटात उडून आलेली. त्या ज्वालामुखीचं नाव तोबा.

हे नाव मराठी माणसाने पहिल्यांदा वाचलं की त्याला हसू फुटतं. आभाळ काळवंडलं, राखेचा पाऊस पडला, आणि स्फोट करणाऱ्याचं नाव काय तर तोबा! कुणीतरी मुद्दाम ठेवल्यासारखं. पण नातं काही नाही. सुमात्रातलं तोबा तिथल्या बाटाक लोकांचं, आपला तोबा अरबीतून आलेला. शब्दांच्या जगात असे तोतये पुष्कळ भेटतात. चेहरामोहरा जुळतो, घराणं जुळत नाही. तरीही बोरीच्या राखेने आपल्या तोब्याची आठवण करून दिलीच आहे, तर त्याच्याकडे नीट पाहून घेऊ.

अरबी उच्चार 'तौबा'. मूळ धातूचा अर्थ परत फिरणे, माघारी येणे. वाट चुकलेला माणूस वळला आणि आला त्या दिशेला चालू लागला, की ती तौबा. कुराणाच्या नवव्या सूरेचं नावच हे आहे. धर्मशास्त्राने पुढे तिच्या अटी सांगितल्या: चुकीचं काम सोडायचं, त्याची खंत वाटली पाहिजे, आणि पुन्हा तिकडे न जाण्याचा निश्चय हवा. दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर ते परतही करायचं. या धातूची आणखी एक गंमत आहे. तो माणसाला लागतो तसा ईश्वरालाही लागतो. माणूस ईश्वराकडे वळतो, आणि ईश्वरही माणसाकडे वळतो. ईश्वराच्या नावांपैकी एक नाव 'तव्वाब' आहे, ते यामुळेच. शेजारची हिब्रू भाषाही पश्चात्तापासाठी वळण्याचाच शब्द वापरते, 'तेशुवा'. योना किंवा युनुस या प्रेषिताची गोष्ट दोन्हीकडे आहे: शहरावर संकट येणार असं कळतं आणि अख्खं शहर वळतं. म्हणजे त्या बाजूच्या भाषांत संकटातल्या माणसाने करायची पहिली गोष्ट ठरलेली आहे. त्याने स्वतः फिरायचं.

हा शब्द आपल्याकडे कसा आला ते सांगायला लांब जायला नको. 'बोरी बुद्रुक' या नावातच दोन भाषा नांदतात. बोरी म्हणजे बोरीचं झाड, संस्कृत 'बदरी'तून उतरलेली. बुद्रुक हा फार्सी 'बुजुर्ग', थोरला. बुद्रुक असलं की जवळपास खुर्द असतंच, तो फार्सीतला धाकटा. सरकारी दप्तराने गावोगावच्या जुळ्या वस्त्यांना ही थोरल्या-धाकट्याची नावं चिकटवली आणि लोकांनी ती इतकी आपली केली की बुद्रुक फार्सी आहे हे सांगितलं तर गावातला पोरगा विश्वास ठेवणार नाही. जुन्नर तर निजामशाहीचं पहिलं ठाणं. १४९०मध्ये मलिक अहमद बहामनींपासून स्वतंत्र झाला तेव्हा त्याचं बस्तान इथेच होतं. अहमदनगर नंतर वसलं. त्या राजवटीत दप्तराचे शब्द वरून आले. तोबा बहुधा खालून आला असावा, शिपाई, फकीर, बाजार यांच्या तोंडून.

आणि मराठीत येऊन त्याचं झालं काय? 'दारूला तोबा केला' अशी जुनी वाक्यं वाचायला मिळतात, तिथे थोडा मूळ अर्थ शिल्लक आहे. पुढे तो उद्गार झाला: तोबा तोबा! कान धरायचे, गालांवर हळूच दोन चापट्या. आज मात्र तोबा शब्द वर्तमानपत्रात दिसला की पुढचा शब्द ठरलेला. तोबा गर्दी. दिवाळीत लक्ष्मी रोडवर तोबा गर्दी, दादर स्टेशनात तोबा गर्दी, एकादशीला पंढरपुरात तोबा गर्दी. जी पाहून माणूस 'तोबा' म्हणेल ती गर्दी, असा हा प्रवास. ईश्वराकडे माघारी वळण्याचा शब्द, आणि आपण त्याला जिथे वळायलाही जागा नाही अशा ठिकाणी नेऊन उभं केलं.

यात आणखी एक पदर आहे. संस्कृतात 'संकट' या शब्दाचा जुना अर्थ आपत्ती नव्हता. संकट म्हणजे अरुंद, दाटलेलं, चेंगरलेलं. दोन कड्यांमधली चिंचोळी वाट संकट, माणसांनी गच्च भरलेली जागाही संकट. नाणेघाटातून कधी उतरला असाल तर संस्कृत कवीला काय म्हणायचं होतं ते गुडघ्यांना कळलेलं असेल. अडचणीचा अर्थ नंतर आला, जसा आपल्या 'अडचण'लाही जागेच्या टंचाईचा वास अजून आहे. वेदांत 'अंहस्' शब्द आहे, त्याचा अर्थ कोंडी, तंगी, आणि पुढे पाप. लॅटिनमधला अरुंदपणाचा शब्द त्याचाच भाऊबंद. हिब्रूतही अरुंद आणि आपत्ती यांचे शब्द एकाच घरचे. माणसाला सगळीकडे संकट छातीवर दाबल्यासारखंच जाणवलं आहे, असं दिसतं.

संस्कृत 'संकट' प्राकृतात 'संकड' झाला आणि मराठीत 'साकडं'. जुन्या मराठीत साकडं म्हणजे नुसती अडचण. पण आपण त्याला एक क्रियापद जोडलं आणि सगळं बदललं: साकडं घालणे. संकट माझं, ते मी उचलून देवावर घातलं. आता तू बघ. जगातल्या बऱ्याच भाषांत संकटाला एक शब्द असतो आणि प्रार्थनेला दुसरा. मराठीने संकटालाच प्रार्थना करून टाकलं. दर आषाढीला मुख्यमंत्र्यांच्या महापूजेनंतर 'विठुरायाला साकडं' हा मथळा छापून येतो. पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे. २०२०च्या आषाढीला रोगाचं साकडं होतं. त्या वर्षी पालख्या पायी गेल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला पोहोचल्या.

साकड्याच्या आसपासचे शब्द काढून पाहिले की एक ठसा उमटतो. देवाचा 'धावा' करतात. धावा म्हणजे 'धाव' अशी हाक. पळायचं कुणी, तर देवाने. देव 'पावतो'. पावणे हे संस्कृत 'प्राप्' धातूतून आलेलं, पोहोचणे या अर्थाचं. म्हणजे 'देव पावला' याचा अक्षरशः अर्थ देव येऊन पोहोचला. देवी हाकेला धावते, देव नवसाला पावतो. अरबी आणि हिब्रू शब्दांत संकटातला माणूस वळतो, चालतो. आपल्या शब्दांत माणूस जागच्या जागी उभा आहे आणि धावपळ सगळी देवाची. मला हा फरक फार बोलका वाटतो. आळशीपणा म्हणून नव्हे. देव हाकेच्या अंतरावर राहतो, गावाच्या शिवेत राहतो, अशी खात्री असलेल्या लोकांची ही भाषा आहे. हाकेच्या अंतरावरच्या माणसाला आपण बोलावतो. त्याच्याकडे यात्रा काढत नाही.

बरं, देव येऊन पोहोचला की त्याच्याशी बोलायचं कोणत्या भाषेत? रयत कचेरीत बोलते त्या. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी एकेक मागणं उच्चारतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत जातात. गाऱ्हाणं हा शब्द 'गर्ह्' म्हणजे दोष देणे या धातूशी जोडतात, आणि गाऱ्हाणं पाटलापुढेही घालतात. दाद मागतात, तो फार्सी शब्द न्यायाचा. देव कौल देतो, आणि 'कौल' तर थेट अरबी: दिलेला शब्द, वचन. मराठी राजवटीत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या शेतकऱ्याला सरकार कौल देई, अमुक वर्षं सारा कमी घेऊ असा. तोच शब्द गाभाऱ्यात गेला आणि पाकळी उजवी पडली की डावी यावर ठरू लागला. एवढ्यानेही काम झालं नाही तर देवापुढे धरणं धरायचं, तेही येणेकरी कर्जदाराच्या दारात धरत तसंच. नवसाचं मूळ बहुधा 'नमस्' शब्दात आहे, पण व्यवहार चोख करारमदाराचा: तू हे दे, मी ते वाहीन. नवसाला धर्माची शीवही आडवी आली नाही. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, आणि मुलांची नावं शहाजी नि शरीफजी ठेवली, ही परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शहाजीराजांच्या घरचा पुढचा जन्म शिवनेरीवर झाला, आणि तिथली मंडळी शिवाई देवीचं नाव घेतात.

या सगळ्या कारभारात 'माझं चुकलं' कुठे आहे? फारसं नाही. उलट वेळ पडली तर शिक्षा देवालाच. पाऊस लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवायची, देव कोंडायचा, तो गुदमरेल आणि आभाळ सोडेल. त्यावरूनच 'देव पाण्यात घालून बसणे' हा वाक्प्रचार आला. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपर्यंत ओढायचा आणि पलीकडे नेऊन सोडायचा. पलीकडचं गाव काय करायचं? तेही पुढच्या शिवेपर्यंत ओढायचं. रोगाचं असं गावोगाव हस्तांतर व्हायचं, आणि त्यात कुणी पापाची कबुली दिल्याचं ऐकिवात नाही.

मात्र एक शब्द असा आहे की त्याच्या पोटात कबुली लपलेली आहे: कोप. देवीचा कोप झाला म्हटलं की ती का कोपली हा प्रश्न येतोच. कुणीतरी काहीतरी चुकलेलं असतं. गोवर-कांजिण्यांपासून अवर्षणापर्यंत सगळीकडे हा शब्द पुरला. ३० जुलै २०१४ला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला, १५१ माणसं गेली. तेव्हा 'निसर्गाचा कोप' हे शब्द सगळीकडे दिसत होते. देवीच्या जागी निसर्ग आला, कोप तसाच राहिला. पण जुना माणूस कोप म्हणाला की लगेच विचारायचा, आपलं काय चुकलं? आपण कोप म्हणतो आणि तिथेच थांबतो. डोंगरउतारावर यंत्रं लावून केलेल्या सपाटीकरणाची चर्चा त्या वेळी झाली, ती खरं तर त्या जुन्या प्रश्नाचंच उत्तर शोधत होती. निसर्ग कुणावर रागावत नाही, हे आपल्याला माहीत आहे. मग कोप हा शब्द वापरायचा असेल तर त्याच्या मागोमाग येणारा प्रश्नही घ्यावा लागेल. नाहीतर तो शब्द जबाबदारी झटकायला फार सोयीचा आहे.

आता कबुलीच्या शब्दांकडे. मराठीत ते आहेत, पण बहुतेक संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा.

'प्रायश्चित्त'चा मालक धर्मपीठ. जुने टीकाकार त्याची फोड करतात ती अशी: 'प्राय' म्हणजे तप, 'चित्त' म्हणजे निश्चय. ऐकायला सुंदर. प्रत्यक्षात हा शब्द शिक्षेचा झाला. बोरीपासून जवळच आळे गाव आहे, तिथे रेड्याची समाधी आहे; पैठणला ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथे गेला, अशी श्रद्धा. पण ती भावंडं पैठणला गेलीच कशाला? वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, त्याला ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आईवडिलांनी पाण्यात देह सोडला, आणि मागे राहिलेल्या चार पोरांना समाजात घेण्यासाठी पैठणच्या पंडितांचं शुद्धिपत्र हवं होतं. शब्दाचं नशीब पाहा. शुद्धिपत्र आता पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापतात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी.

त्यानंतर सहाशे वर्षांनी, ऑक्टोबर १८९०मध्ये, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी नुसता हातात धरला. नावं छापून आली. रानडे आणि टिळक दोघेही त्यात होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या अनुयायांना ते फार लागलं. चहाच्या कपाने 'प्रायश्चित्त' या शब्दाची जी शोभा केली ती कुठल्याही सुधारकाच्या व्याख्यानाने झाली नसती. तो शब्द त्यानंतर सावरला नाही. आज आपण 'प्रायश्चित्त भोगावं लागेल' म्हणतो तेव्हा त्यात देव नसतो, फक्त दंड असतो.

'पश्चात्ताप' हा त्या मानाने सभ्य शब्द. पश्चात् अधिक ताप, नंतरची आग. (दोन त हवेत. प्रायश्चित्तातही दोन त. मराठी माणूस दोन्हीकडे एकेक गाळतो. चूक कबूल करायची वेळ आली की काटकसर सुचते.) संस्कृतात तो जुनाच आहे, पण आपल्या कानांत तो घुमतो तो मिशनऱ्यांच्या मराठीतून. विल्यम कॅरीने १८११मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला, १८१३मध्ये अमेरिकन मिशन मुंबईला आलं, आणि बायबलच्या मराठीत हा शब्द पक्का झाला. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधला शब्द मन पालटण्याचा आहे. मराठीत तो भाजण्याचा झाला. हा बदल छोटा नाही. पोळलेला माणूस 'हाय' म्हणून जागीच बसू शकतो; मन पालटलेल्याला काहीतरी वेगळं करावं लागतं.

पण एका जागी या शब्दाला सगळा अर्थ मिळाला, आणि ती जागाही पुणे जिल्ह्यातलीच. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि बायका गोळा केल्या आणि दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' वसवलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. १९०५च्या जूनमध्ये तिथे मुलींच्या प्रार्थनासभेत एकाएकी रडं सुरू झालं. मुली मोठ्याने आपल्या चुका कबूल करू लागल्या, प्रार्थना तासन्‌तास चालल्या. जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत त्या घटनेची आजही चर्चा होते. श्रद्धेच्या भानगडीत न पडता मी एवढंच म्हणेन की ज्यांच्यावर जगाने अन्याय केला होता त्या पोरी आपल्या चुका मोजत होत्या, आणि ज्यांनी तो केला ते घरी स्वस्थ होते. याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला. ते काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या.

आणि 'अनुताप'. हा संतांचा शब्द. अर्थाने पश्चात्तापाचा सख्खा भाऊ, वळणाने फार निराळा. ज्ञानेश्वरी, नाथभागवत, गाथा, सगळीकडे तो आहे. अनुताप झाला म्हणजे माणूस भाजला, आणि भाजून शुद्ध झाला, सोन्याच्या अर्थाने. १६३०च्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याचं दुकान बसलं, पहिली बायको गेली, मुलगा गेला. तुकोबांनी काय केलं? घरात सावकारीची खतं होती, लोकांनी लिहून दिलेली. निम्मी भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळात सावकाराच्या खताची किंमत काय असते ते विचार करण्यासारखं आहे. त्या एका कागदावर कुणाची तरी जमीन, कुणाचे बैल अडकलेले असतात. मला अनुतापाचा याहून नेमका अर्थ कुठल्या कोशात सापडलेला नाही. तौबेच्या अटींत 'घेतलेलं परत करणे' आहे ना, तेच हे. अरबी धर्मशास्त्री आणि देहूचा वाणी एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोघांची मागणी एकच. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यातच, ओतूरला दाखवतात.

तेव्हा मराठी माणूस नुसता देवाला पळवतो, स्वतः हलत नाही, हे माझं मघाचं म्हणणं अर्धंच खरं. 'वारी' शब्द त्याला आडवा येतो. 'वार' म्हणजे खेप, पाळी. पुन्हा पुन्हा जाणं म्हणजे वारी, जो पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. नवस नाही, कौल नाही, मागणी नाही, नुसतं परत जाणं. अरबीत जे एका धातूत आहे ते आपण पायांनी करून ठेवलं, आणि त्याला पश्चात्तापाचं नाव दिलं नाही. तो धागा व्युत्पत्तीचा नाही, अर्थाचा आहे. तेवढाच तो धरावा.

रोजच्या बोलीत मात्र यातला कुठलाच शब्द चालत नाही. बाई देवळात येते, घंटा वाजवते, पिशवी पायापाशी ठेवते. डोळे मिटून दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारते, उजव्या हाताने डावा कान, डाव्याने उजवा. ओठ हलतात: चुकलंमाकलं पदरात घे. 'माकलं' या शब्दाला एकट्याने काही अर्थ नाही. तो फक्त चुकल्याच्या सोबतीला येतो, आणि त्याने एक मोठं काम होतं: जे नक्की चुकलं ते, आणि जे चुकलं असेल नसेल तेही, सगळं एका ओंजळीत. पदरात घेणे हा शब्द तर मला प्रायश्चित्ताच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा मोठा वाटतो. चुकेला शिक्षा मागत नाही, माफीही नीटशी मागत नाही. चूक आहे तशी उचलून कुशीत घे म्हणते.

एक शब्द राहिला, आणि त्याच्यासाठीच खरं तर हा सगळा खटाटोप: उपरती. 'उप' आणि 'रम्', थांबणे, निवृत्त होणे. वेदान्तातल्या षट्संपत्तीत शम आणि दम यांच्यानंतर ती येते, विषयांकडे धावणारं मन मागे घेणे या अर्थाने. तौबेच्या अगदी शेजारी बसावा असा हा शब्द. त्यात आग नाही, दंड नाही. थांबणं आहे आणि मागे येणं आहे. मराठीत तो सुरेख मुरला होता: वाल्या कोळ्याला उपरती झाली. आता तो कुठे भेटतो? 'अखेर पालिकेला उपरती', 'निवडणुकीच्या तोंडावर सरकारला उपरती'. खड्डा बुजवला की उपरती, दरवाढ मागे घेतली की उपरती. प्रत्येक वेळी कुत्सित. पाच-दहा वर्षांत हा शब्द टिंगलीशिवाय वापरता येणार नाही, आणि मग खरोखर मागे फिरलेल्या माणसाबद्दल लिहायला आपल्यापाशी ताप देणारे शब्द तेवढे उरतील.

तोबा आता परत मिळायचा नाही, तो गर्दीने नेला. साकड्याला काही होणार नाही, ते दणकट आहे. तेव्हा मथळे लावणाऱ्या मित्रांना एक विनंती. पुढच्या आषाढीला विठोबाला हवं तेवढं साकडं घाला, पण पालिकेने खड्डा बुजवला तर 'पालिकेने खड्डा बुजवला' एवढंच छापा.